भिजवून की शिजवून

६ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

मोठ्यांना पत्र लिहिताना आधी काय लिहायचं असतं ते आईने मला दोनदा सांगितलं आणि मी दोनदा विसरले. तर ते सगळं मी नीट लिहिलंय आणि तू वाचलंयस असं समज.

पत्र का, तर फोनवर आपलं काय होतं ते तुला माहितीये. मी विचारते जेवलीस का, तू म्हणतेस हो, इकडे पण थंडी आहे. त्या कॅन्टीनच्या पंख्यांनी आणि ग्राइंडरांनी तुझ्या कानांची पार वाट लावलीये. आई म्हणाली, अक्काला पत्र लिही, तिला वाचायला आवडतं, आणि तुझंही मराठी जरा रुळावर येईल. मला इंग्लिश मीडियमला घातलं हिने, आणि आता टोमणे मारणारीही हीच.

मुद्द्यावर येते. मला घरी फलाफल करायचंय, ताहिनी सॉससकट.

झालं असं की आमच्या चष्म्याच्या दुकानाशेजारी एक फलाफलवाला उभा राहायला लागलाय. मी दिवसभर लोकांना भिंतीवरचा तक्ता वाचायला लावते. डावा डोळा झाका, तिसरी ओळ वाचा, आता उजवा झाका. तेच तेच बोलून संध्याकाळपर्यंत माझा आवाज लिफ्टमधल्या बाईसारखा होतो, आणि पाय तर माझे नसतातच. मग मी बाहेर येऊन फलाफल खाते, उभ्याउभ्याच, कारण बसले तर उठणार नाही. वरून कुरकुरीत, आत हिरवंगार, त्यावर तो पांढरा सॉस. दिवसभरात तेवढं एकच काम असं असतं की ज्यात मला कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

त्याला रेसिपी विचारली तर तो गोड हसला आणि जास्तीचा टिश्यू पेपर दिला. व्हिडिओ बघितले, पण त्यातल्या बायकांची किचन्स बघूनच मला दमायला होतं. मग डोक्यात आलं, अरे, आपली मावशी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये दर गुरुवारी शेकड्याने फलाफल तळते. घरात डॉक्टर असताना मी कंपाउंडरकडे काय जातेय.

आणि एक प्लॅन आहे. हसू नकोस. आपल्या रस्त्याकडच्या खिडकीत आईची ‘अल्टरेशन करून मिळेल’ पाटी असते ना, ती अर्धी सरकवायची. उरलेल्या अर्ध्या खिडकीत तू आणि मी. तू तळायचं, मी बोलायचं. किती वर्षं तिथे एकटी राबणार आहेस? आईला सांगितलं तर ती पँटचा दोरा दातांनी तोडत म्हणाली, "ती यायची नाही. तिला कुणाच्या घरी नुसतं बसवत नाही, दुसऱ्या दिवशी भांडी घासायला घेते."

पण तू ये. आधी रेसिपी पाठव.

तुझी टिटवी


१७ फेब्रुवारी

टिटवे,

पत्र मिळालं. जे लिहिलं नव्हतंस ते आधी वाचलं, मग बाकीचं.

दमतेस ते कळलं. नोकरी म्हटलं की पाय दुसऱ्याचे होतात. घरी आलीस की गरम पाण्यात बुडवत जा, निदान झोपेपुरते परत मिळतात.

आता लिहून घे. छोले आदल्या दिवशी भिजवून घे. दुसऱ्या दिवशी पाणी पूर्ण काढून टाक आणि फडक्यावर पसरून कोरडे होऊ दे. मग कांदा, लसूण, मूठभर कोथिंबीर, जिरं, धने, मीठ घालून वाट. वाटायचं म्हणजे भरड, रव्यासारखं, लगदा नाही. पाण्याचा थेंब घालायचा नाही. वाटण झाकून गार जागी ठेव. तळायच्या वेळी चिमूटभर खायचा सोडा. छोट्या लिंबाएवढे गोळे, थोडे चपटे. तेल तापलं की आधी एकच सोड. तो काय म्हणतो ते बघ, मग बाकीचे.

सॉसचं पुढच्या पत्रात. हात भरून आला.

इकडे ठीक. हल्ली मी तळणीला नसते, सॉसकडे असते. वस्तादाने, म्हणजे आमच्या मुख्य आचाऱ्याने, तळणीला एक नवीन बाई उभी केलीये. वस्ताद माझ्यापेक्षा वयाने लहान, पण त्याला सगळे वस्तादच म्हणतात. मला म्हणाला, अक्का, किती वर्षं तेलासमोर उभं राहायचं, जरा सावलीत बसा. बरंच झालं. चेहऱ्यावरचं तेल घालवायला साबण पुरायचा नाही.

खिडकीचं बघू. तुझ्या आईला सांग, दोरा दातांनी तोडू नकोस. लहानपणापासून सांगतेय.

मावशी


२६ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

एक बातमी आहे. फलाफल झालं नाही. सूप झालं.

तू लिहिलंस तसंच केलं. शनिवारी दुकानातून आले आणि चपला काढायच्या आधी छोले कुकरला लावले. छान मऊ शिजले. पाणी काढलं, आईच्या कापडांतलं एक पांढरं फडकं घेतलं (ते फडकं नव्हतं, कुणाच्यातरी कोटाचं अस्तर होतं, तो वेगळा विषय) आणि त्यावर पसरले. रविवारी वाटायला घेतले. भरड काही होईनात. मिक्सरचा एक फेरा मारला तर गुळगुळीत लापशी. मला वाटलं, मावशीला जमतं म्हणजे असंच असणार.

गोळे केले. पहिला तेलात सोडला. तू म्हणालीस ना, तो काय म्हणतो ते बघ. तो काहीच म्हणाला नाही मावशी. तो नुसता विरघळला. कढईभर फेस. मला वाटलं हाच एक बिघडला असेल, म्हणून आणखी चार सोडले. आता लिहिताना कळतंय की मी किती दमलेली होते.

आई मशीनवरून उठून आली, कढईत बघितलं, गॅस बंद केला आणि परत जाऊन बसली. बाबा बसची ड्युटी संपवून आले तोवर उरलेलं वाटण मी पाण्यात उकळून ठेवलं होतं, टाकवेना म्हणून. ते वाटीभर प्यायले आणि म्हणाले, "सूप बरंय. पण ते फला... काय ते, ते कधी देणार?"

मग मी बाथरूममध्ये जाऊन थोडी रडले. फलाफलसाठी नाही. आठवडाभर गिऱ्हाइकांचं ऐकून घेतलेलं साचलं होतं, निमित्त छोल्यांचं झालं.

सांग ना, कुठे चुकलं? जास्त शिजले का? किती शिट्ट्या करायच्या?

टिटवी


९ मार्च

टिटवे,

एकही शिट्टी नाही. शिट्टीचा इथे संबंध काय. मी ‘भिजवून’ लिहिलं होतं. भ, भांड्यातला भ. तू वाचलंस ‘शिजवून’. दिवसभर लोकांना तक्ता वाचायला लावतेस आणि स्वतःला भ आणि श ओळखू येत नाही. तुमच्या दुकानात घरच्यांना फुकट असेल तर एक चष्मा स्वतःलाच करून घे.

तुझं पत्र वस्तादाला वाचून दाखवलं. ‘तो नुसता विरघळला’ इथे तो इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, भाचीला सांगा, इंग्लिश शाळा कारणी लागली, एवढी करमणूक मराठी शाळेवाल्यांना जमली नसती.

रडलीस ते लिहिलंस, बरं केलंस. मी नवीन असताना शीतगृहात जाऊन रडायचे. तिथे डोळे लाल दिसले तर लोकांना वाटायचं थंडीने.

आता ऐक. छोला कच्चाच वाटायचा. भिजला की फुगतो, पण त्याचा चिकटपणा त्याच्याच पोटात राहतो. गरम तेलात पडला की तो तिथल्या तिथे शिजतो आणि स्वतःला धरून ठेवतो. आधीच शिजवलास तर धरायला त्याच्याकडे काही उरत नाही.

सॉस. तीळ मंद आचेवर भाज आणि रंग बदलायच्या आत उतरव, नाहीतर कडू होतात. गार झाले की थोडं थोडं तेल घालत वाट, धार पडेल इतकं सैल होईपर्यंत. ती झाली ताहिनी. तिच्यात ठेचलेला लसूण, मीठ, लिंबाचा रस. लिंबू पडलं की ती आवळते, पार घट्ट गोळा होते. सगळे इथेच घाबरतात आणि टाकून देतात. टाकायचं नाही. गार पाणी चमच्याचमच्याने घालत हलवत राहायचं. आधी आणखीच बिघडल्यासारखं दिसतं. मग एकदम पांढरं होतं आणि सुटतं.

हे सगळं मी सावकाश, मोठ्या अक्षरात लिहिलंय. माझी अख्खी दुपार गेली. आता तरी नीट वाच.

मावशी


२१ मार्च

प्रिय मावशी,

झालं. विरघळलं नाही, फुटलं नाही, फेसही नाही. आत हिरवंगार. बाबांनी किती खाल्ले ते सांगत नाही, नजर लागेल. सॉस आवळला तेव्हा मी तो टाकायलाच निघाले होते, पण तू ‘टाकायचं नाही’ म्हणालीस म्हणून हलवत बसले, हात मोडायची वेळ आली, आणि मग खरंच एकदम पांढरा झाला. मी ओरडले तर बाबांना वाटलं भाजलं.

पण तू मला जे बोललीस ना, त्याची फिटंफाट करायचीये. तुझं पहिलं पत्र मी साक्षीदार म्हणून आईपुढे ठेवलं. म्हटलं, तू वाच, भ आहे की श. आईने चष्मा लावला (फुकट नसतो, विचारलं मी) आणि मोठ्याने वाचलं, "छोले आदल्या दिवशी शिजवून घे."

मावशी, मी उडीच मारली. मराठी शाळेत शिकलेली, शुद्धलेखनात पहिली येणारी बाई, आणि तिनेही शिजवूनच वाचलं. म्हणजे चूक माझ्या मीडियमची नाही. तुझ्या अक्षराची आहे. वस्तादांना हेही वाचून दाखव.

मला वाटलं आई हसेल. ती हसली नाही. दुसरं पत्र मागितलं, मोठ्या अक्षरातलं. ते खिडकीपाशी नेऊन बघत बसली. मग म्हणाली, "हे अक्काने लिहिलंय? तिच्याच हाताने?" मी म्हटलं, मग काय कुणाच्या पायाने. नेहमी असं काही बोललं की फटका मिळतो. मिळाला नाही. म्हणाली, "शाळेत बाई तिची वही सगळ्या वर्गात फिरवायच्या. मोत्यासारखं अक्षर होतं तिचं." तिच्या ताटातलं फलाफल तसंच गार झालं. आणि तेव्हापासून मी घरात पाऊल टाकलं की विचारते, अक्काचं पत्र आलं का.

तुझं पेन खराब असणार, दुसरं काय. सोबत एक जेल पेन पाठवतेय. दुकानात बिलं लिहायला वापरतो, छान चालतं.

खिडकीचं आईला परत विचारलं. नंतर मी तिला शिलाईच्या टेपने खिडकी मोजताना पकडलं. ये ना आता.

टिटवी


१६ एप्रिल

टिटवे,

पेन मिळालं. चांगलं आहे. आधीचं खराबच होतं. शिवाय मी कॅन्टीनच्या टेबलावर लिहिते, त्याचा एक पाय आखूड आहे, हलतं. दिवेही मंद.

तुझ्या आईला सांग, वय झालं की सगळ्यांचंच अक्षर बिघडतं. शिलाईकडे लक्ष दे म्हणावं, खिडक्या मोजत बसू नकोस. मला सुट्टी मिळणार नाही. काम खूप आहे. उत्तराला उशीर झाला, पुढेही होईल.

फलाफल जमलं, छान झालं.

मावशी


२२ एप्रिल

प्रिय मावशी,

आज गंमत करायला त्राण नाही, सरळ लिहिते.

तुझं पत्र मी दुकानात नेलं होतं. जेवणाच्या सुट्टीत उघडलं आणि समोर भिंतीवर आमचा तक्ता होता. तुझं पत्र तसंच दिसतं मावशी. वरची ओळ मोठी, मग बारीक, आणखी बारीक, आणि ‘छान झालं’ म्हणजे तर मुंग्या. टेबल हललं तर एखादं अक्षर उडेल. तुझं प्रत्येक अक्षर कापतंय.

आमच्याकडे डोळ्यांचे डॉक्टर बसतात, त्यांना दाखवलं. ते म्हणाले, मी डोळ्यांचा डॉक्टर, यातलं मी सांगू नये. पण हात बऱ्याच कारणांनी थरथरतो, त्यातल्या काहींवर औषध असतं, दाखवून तर घ्या.

आणि आईने तुमच्या कॅन्टीनला फोन केला. तुला सांगू नकोस म्हणाली, पण मी सांगतेय. कॅशियरने उचलला. आई म्हणाली, सॉसकडे आमची अक्का असते, तिला द्या. तो म्हणाला, "सॉसकडे नाही हो, त्या बऱ्याच दिवसांपासून ताटं परत घ्यायच्या खिडकीवर असतात. बोलावू का?" आई म्हणाली नको.

त्या दिवशी तिने एका शर्टाला डावी बाही उजवीकडे लावली. उसवली, परत डावीच उजवीकडे लावली. मग मशीनवर हात ठेवून बसून राहिली. मी जवळ गेले तर म्हणते, "मला खोटं सांगितलं तिने. मला." मला वाटलं चिडलीये. चिडली नव्हती.

खिडकीचा, फलाफलचा प्लॅन सोडून दे. तो माझा वेडेपणा होता, मी इथे उभी राहून राहून कंटाळलेय म्हणून सुचलेला. तू नुसती ये. आणि काय झालंय ते लिही. मला वाचता येतं आता.

टिटवी


७ मे

टिटवे, आणि धाकटे, तू पण वाच,

हे पत्र मी थोडं थोडं करून लिहितेय. हात थांबला की ठेवून देते.

उजवा हात ऐकत नाही. गेल्या वर्षी अंगठ्यापासून सुरू झालं. गोळे वळताना कळायचं नाही, तेव्हा हात आपोआप फिरतो. रिकामा ठेवला की कापायचा. मग चमच्यातलं मीठ सांडायला लागलं. एका गुरुवारी झारा हातातून सुटून कढईत पडला आणि तेल उडालं. माझ्याच मनगटावर आलं, दुसऱ्या कुणाला काही नाही. वस्ताद दुसऱ्या दिवशी म्हणाला, सावलीत बसा.

सॉसकडे गेले तर बरण्यांची झाकणं फिरवता येईनात. मग एक दिवस बघितलं, सगळी झाकणं सकाळी आधीच सैल असतात. तो येऊन करून ठेवायचा. मला त्याने सांगितलं नाही, आणि मला कळलंय हे मी त्याला सांगितलं नाही. असे आम्ही दोघं बरेच दिवस काढले. मग वरचा साहेब एकदा बघून गेला, आणि मी ताटांच्या खिडकीवर आले. लोक उष्टी ताटं सरकवतात, मी ओढून घेते. तेही आता दोन्ही हातांनी.

डॉक्टरकडे गेले नाही. गेलं की ते आजाराला नाव देतात, आणि मग सगळे आपल्याला सोडून त्याच्याशीच बोलतात.

धाकटे, तुला खोटं सांगितलं. तुझ्याकडे यायला मी भीत नाही. आल्यावर काय होईल त्याला भिते. तू माझ्या हातातून पेला काढून घेशील. ‘तू बस’ म्हणशील. मी जिथे गेले तिथे पदर खोचून कामाला लागले, म्हणून मला कुठेच परकं वाटलं नाही. नुसतं बसायचं कसं ते मला येत नाही. या वयात शिकवेल कोण.

वस्ताद म्हणतो, दोन महिन्यांची रजा घ्या, जागा मी धरून ठेवतो. घेऊ का? तुम्ही सांगा. पण माझी अट आहे. मला पाहुणी करायचं नाही.

मावशी


१२ मे

अक्का,

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. कार्टी म्हणाली तू सांग मी लिहिते, मी म्हटलं नको, तुझ्या ऱ्हस्व-दीर्घात माझी बहीण बुडून जाईल.

‘तू बस’ असं मी म्हणणार. पेला सांडायला लागला तर काढूनही घेणार. अटी मला घालू नकोस. तू माझ्या वेण्या घालायचीस, इतक्या घट्ट की डोळे ताणले जायचे. मी कधी अट घातली का? गप्प बसायचे. आता तू गप्प बस.

काम पाहिजे असेल तर ही पोरगी रविवारी स्वयंपाकघराची दशा करते, तिला ओरडायचं काम आहे. मला आता ओरडायचं पण जीवावर येतं.

हिचे बाबा शनिवारी तुला आणायला येतील. फार बोलणार नाहीत, घाबरू नकोस, ते कुणाशीच बोलत नाहीत. सामान बांधून ठेव.

धाकटी


३ जुलै

वस्ताद, नमस्कार.

हे पत्र मावशी सांगतेय आणि मी, तिची भाची, लिहून घेतेय. तुम्हाला हसवलेली तीच. कंसातलं माझं आहे.

मी सुखरूप आहे. डॉक्टरला दाखवलं. त्याने आजाराला नाव दिलं आणि गोळ्या दिल्या. सकाळी हात थोडा ऐकतो, दुपारनंतर स्वतःच्या मर्जीचा मालक. डॉक्टर म्हणाला, आजार जाणार नाही, सावकाश वाढेल, पण गोळ्यांनी बरेच दिवस नीट काढता येतील. (रोज चालायलाही सांगितलंय. ती गॅलरीच्या टोकापर्यंत जाते आणि म्हणते चालून आले.)

तुम्ही विचारलंत, खिडकीत फलाफलचा धंदा सुरू झाला का. नाही झाला. ही पोरगी दुकानातून येते ती जेवता जेवता डुलक्या काढते. धाकटीचे खांदे मशीनवर जातात. कुणात जीव नाही. रविवारी घरापुरते करतो, तेवढंच. गोळे ही करते, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नसतो. सॉस हलवायला मला बसवतात. हात तसाही बिनपगारी हलत असतो, म्हटलं कामाला लावू. (हे सांगताना ती हसत होती. आई नाही हसली.)

धाकटी पेला काढून घेते. मी भांडते. मग ती परत देते, अर्धा भरून. आमचं हे दिवसातून किती वेळा होतं ते विचारू नका. (पहिल्या आठवड्यात दोघी एकमेकींशी बोलतच नव्हत्या, माझ्यामार्फत बोलायच्या. आईला सांग, मावशीला सांग. मला दुकानात बरं वाटायला लागलं होतं.)

तळणीवरच्या बाईला सांगा, तेल फार तापवतेस. मी असतानाही सांगितलं होतं. वरून काळं होतं आणि आत कच्चं राहतं, गुरुवारी रात्रपाळीवाले तक्रार करतात आणि तुम्हाला वाटतं त्यांना सवयच आहे. सवय नाही, खरंच कच्चं असतं. बाई हाताने चांगली आहे. तिला तात्पुरती म्हणून ठेवलंय ना, त्यामुळे ती घाबरून घाई करते. कायमची केलीत की सावकाश तळेल.

आता मुख्य. रजा पंधरा दिवसांत संपते.

मला इथे करमतं असं नाही, खोटं कशाला सांगू. दुपारी तिकडे ताटं आपटायची वेळ झाली की मी आपोआप उठून उभी राहते. का उठले ते मलाच कळत नाही. धाकटी मशीन थांबवून विचारते, काय पाहिजे. मी म्हणते काही नाही. ती म्हणते, मग बस. मी म्हणते, बसतेच आहे, तू आपली बाही बघ. आणि बसते.

सैल झाकणांचं मला कळत होतं. ते सांगायचं राहून गेलं होतं. (हे काय ते मला माहितीये.)

तर वस्ताद, माझी जागा भरा.

अक्का